लॉगफ्रेम भरून झाला? आता खालून वर वाचा
लॉगफ्रेम म्हणजे प्रोजेक्टचं लॉजिक एका पानावर मांडणारा चार ओळी-चार कॉलमचा तक्ता, तो भरला की खालून वर वाचून बघा, म्हणजे ही कामं केली आणि त्याच ओळीतली गृहीतकं (आपल्या हातात नसलेल्या, पण खऱ्या ठरायला हव्यात अशा गोष्टी) खरी ठरली तर आउटपुट (कामांतून थेट हाती येणारं फळ) मिळेल, मग आउटपुट मिळालं आणि तिथली गृहीतकं टिकली तर उद्देश साधेल, असं करत वर जायचं, जिथे अडखळाल तिथे लॉजिक तुटलंय. गृहीतकांचा कॉलम लोक शेवटी घाईत उरकतात आणि खरा घोळ तिथेच असतो! एखादं गृहीतक कळीचं आहे पण खरं ठरायची शक्यता जवळपास नाहीच, तर प्रोजेक्टचं डिझाइनच बदला, नुसतं लिहून मोकळं होऊ नका. आणि हो, ज्या इंडिकेटरचा (यश मोजायच्या मापाचा) डेटा कोण कधी आणणार हेच ठरत नाही तो सरळ काढून दुसरा घ्या.