ट्रायल सुरू होण्याआधी काय उरकून ठेवावं

एखाद्या संकेतस्थळानं ठरावीक विषयाचा फ्रीलान्स लेखक म्हणून ट्रायलवर घेतलं, की नवख्यांना धास्ती वाटते ती भाषेची. वास्तविक नमुना लेख वाचूनच बोलावलेलं असतं, म्हणजे भाषेचा प्रश्न बऱ्यापैकी मिटलेला असतो. ट्रायलमध्ये जोखतात ते वेगळंच. हिच्याकडे लिहायला विषय पुरेल का, आणि दुरुस्त्या सांगितल्यावर ही कशी वागते?

आधी विषय पुरण्याचं. सुरुवातीचे लेख सगळ्यांनाच जमतात, कारण ते डोक्यात तयारच असतात. गाडं अडतं ते त्यानंतर. मी कुंडीतल्या झाडांवर लिहिते. ट्रायलची तारीख कळल्यावर मी लेख लिहायला न घेता प्रश्न जमवायला घेतले. ‘पानं पिवळी का पडतात?’ हा एकच प्रश्न घ्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला पुरवतं. लोहाची अशी हलवाहलव झाडाला फारशी जमत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. माती सतत ओली राहून मुळांना हवा मिळेनाशी झाली, तरी पानं पिवळीच. झाले तीन लेख, आणि तिन्हींतला फरक कसा ओळखायचा हा चौथा.

उलट ‘झाडांचं महत्त्व’ असले मथळे यादीतून आधीच काढून टाका. ते शोधत कुणी येत नाही.

यादी झाली की काही ड्राफ्ट पूर्ण करून बाजूला ठेवा. ट्रायलच्या काळात तुम्ही आजारी पडणारच नाही असं नाही आणि डेडलाइन काही पुढे सरकत नाही. सीएमएसचा, म्हणजे संकेतस्थळावर लेख चढवायच्या प्रणालीचा, अ‍ॅक्सेस लवकर मागून घ्या. एक खोटा लेख चढवून उपशीर्षकं, लिंक, फोटोचा पर्यायी मजकूर (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येणारं वर्णन) हे सगळं करून बघा. कंटाळवाणं आहे, पण पहिल्याच लेखाच्या दिवशी बटणं शोधत बसणं त्याहून वाईट.

फोटो शक्यतो स्वतः काढलेले वापरा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना मोफत वापरू दिलेले, फोटो घेणार असाल तर परवान्याची अक्षरं नीट वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय देणं बंधनकारक. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापराला मनाई. जाहिरातींवर चालणाऱ्या संकेतस्थळासाठी असा फोटो न घेतलेलाच बरा.

आता एडिटर. स्टाइल गाइड, म्हणजे लेखनाच्या नियमांची यादी, दिलेली असते, तरी तिच्यात न लिहिलेल्या बऱ्याच आवडीनिवडी त्यांच्या दुरुस्त्यांतून कळतात. प्रत्येक दुरुस्ती एका वहीत उतरवा आणि पुढचा लेख पाठवण्याआधी वही उघडा. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली की एडिटर वैतागतात, आणि ते रास्तच आहे. शब्द, लांबी, मथळा यांवरून हुज्जत घालू नका. तथ्य बदललं असेल तर मात्र गप्प बसू नका. लोहाच्या लेखात माझं ‘शिरा हिरव्या राहतात’ हे वाक्य लांबी कमी करताना उडालं होतं. तेच गेलं तर वाचकानं लक्षण ओळखायचं कसं? मी संदर्भ जोडून दोन ओळींचा मेल केला, वाक्य परत आलं.

एवढं सगळं करण्याआधी, म्हणजे अगदी होकार कळवतानाच, काही गोष्टी विचारून घ्या. ट्रायलचे पैसे मिळणार का, केव्हा मिळणार, आणि नापसंत झालेल्या लेखांचे हक्क कुणाकडे राहणार? विचारायला संकोच वाटतो खरा, पण असे प्रश्न त्यांना नवे नसतात. उत्तर फोनवर मिळालं तर तेच मेलवर लिहून मागा. हक्क तुमच्याकडेच राहणार असतील तर नाकारलेला लेख दुसरीकडे देता येतो, मी दिलेत.