थोडं हललेलं रजिस्टर

उपयोजित कला शिकून झाल्यावर मी पुण्यात एका प्रेसमध्ये डीटीपीला लागले. दिवसभर लग्नपत्रिका लावायच्या आणि रात्री लॅपटॉपवर बीट, म्हणजे हिप हॉपचे शब्दांशिवायचे तुकडे, करायच्या. ही दोन कामं एकमेकांपासून लांब ठेवायची असतात, असं मी तीन वर्षं धरून चालले आणि ती तीन वर्षं मला महागात पडली. म्हणून नवीन मुलं "इन्स्ट्रुमेंटल हिप हॉप करतो, चित्रंही काढतो, यातलं काय सोडू?" असं विचारतात तेव्हा मी कळकळीने सांगते, काहीही सोडू नका.

मला हे उमगलं प्रेसमध्येच. चार रंगांच्या छपाईत एखादा रंग सरकला की मशीनमन म्हणतो, रजिस्टर हललं. अर्धा मिलिमीटर सरकला तरी ताव रद्दीत जातो. असाच एक ताव मी घरी आणला होता. त्यावरच्या गणपतीचा गुलाबी रंग डावीकडे गेला होता, सोंडेच्या कडेला पातळ गुलाबी रेघ उमटली होती आणि चित्र जागच्या जागी हलत असल्यासारखं दिसत होतं. त्या दिवसांत मी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या जे डिला (१९७४–२००६) या हिप हॉप निर्मात्याच्या बीट ऐकत होते. त्याच्या ड्रममध्ये काही ठोके अगदी सरळ असतात, काही झुलतात, काही मुद्दाम मागेपुढे केलेले असतात. तो ताव बघता बघता मला ती चाल कळली.

तुम्हीही करून बघा. लय मिनिटाला ८४ मात्रा ठेवा, म्हणजे मात्रेचा पाव भाग साधारण १७९ मिलिसेकंदांचा होतो. हाय-हॅट (झांजेचा ठोका) ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर ठेवा, किकही (मोठ्या ड्रमचा ठोका) तिथेच, आणि फक्त स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका) १५–२० मिलिसेकंद अलीकडे ओढा. बीट लगेच श्वास घ्यायला लागते. मी सुरुवातीला उत्साहात सगळेच ठोके सरकवले आणि सगळाच चिखल झाला. बाकीचे तीन रंग जागेवर असतील तरच चौथा सरकलेला दिसतो. म्हणून आधी सरळ वाजवायला शिका, निदान सहा महिने तरी. बोटांनी ठोके वाजवायचं पॅडचं यंत्र नसेल तर अडत नाही, लॅपटॉपच्या की-बोर्डच्या चार बटणांवरही हात बसतो.

चित्र आणि बीट दोन्ही करणारा माणूस बघायचा असेल तर लॉस एंजेलिसच्या टीब्जकडे बघा. २०१० साली त्याचा पहिला अल्बम संगीतकार फ्लाइंग लोटसच्या ब्रेनफीडर या रेकॉर्ड लेबलवर आला, तेव्हा मुखपृष्ठावर त्याचंच चित्र होतं. जुन्या रेकॉर्डच्या पाकिटांवरही तो रंगवतो. त्याच्या संगीतात आवाजाचे थर एकमेकांवर विरघळतात आणि त्याच्या रंगांचंही तसंच होतं. एकच हात दोन्हीकडे ओळखू येतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सॅम्पलसाठी, म्हणजे बीटमध्ये वापरायच्या जुन्या रेकॉर्डमधल्या तुकड्यांसाठी, मी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाते. एकदा नाट्यगीतांची एक रेकॉर्ड पाकिटाशिवायच मिळाली, लेबलवर पेन्सिलीने कुणाचं तरी आडनाव लिहिलेलं. गायक श्वास घेतो तेवढ्यात पेटीचा एक सूर मागे उरतो, जेमतेम अर्धा सेकंद. तेवढाच कापला, तीन स्वर खाली उतरवला आणि त्यावर अख्खी बीट उभी राहिली. मग त्या रेकॉर्डला मी स्वतः पाकीट रंगवलं, तेच पुढे बीटचं कव्हर झालं. पण प्रसिद्ध करण्याआधी हक्क तपासा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, गीताचा आणि चालीचा मात्र ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली नसते. शंका असेल तर पेटीवाल्याला बोलवा आणि स्वतःचा सूर वाजवून घ्या. मी आता बहुतेक वेळा हेच करते.

कव्हरची फाइल ३००० बाय ३००० पिक्सेलची करतात, पण लोक ते मोबाइलवर नखाएवढं बघतात. दोन सेंटिमीटरची प्रिंट काढून भिंतीवर लावा, लांबून काय उरतं ते बघा.

पैशाचं सांगते. स्ट्रीमिंगमधून माझं वीजबिलही निघत नाही. घरभाडं कव्हरं आणि जाहिरातींच्या पार्श्वसंगीतावर चालतं. एका जाहिरातवाल्याने माझी बीट "ट्रायलला" म्हणून नेली, ती जाहिरातीत वाजली आणि मला एक रुपया आला नाही. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी मी ईमेलवर लिहून घेते: बीट वापरायला दिली की कायमची विकली, किती काळासाठी, कुठे वाजणार, नाव कुठे येणार, निम्मे पैसे कधी. सात ओळी पुरतात, आणि समोरून "मान्य" आल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही. तोवर ऐकायला फक्त ३० सेकंदांचा तुकडा देते, मधोमध माझ्याच आवाजात माझं नाव घातलेला.