पंप बदलण्याआधी आणि बाटली ओतण्याआधी

गाडी चढावर झटके द्यायला लागली किंवा सकाळी स्टार्टर मारून मारून सुरू होईना, की फोन येतो, "ताई, पंप गेला. किती लागतील?" पिंपळगाव बसवंतला, मुंबई-आग्रा हायवेलगत आमचं डिझेल इंजिनांच्या इंधन पंप-नोझलचं काम चालतं. टोमॅटो, कांदा, द्राक्षं वाहणाऱ्या पिकअप आणि ट्रॅक्टर हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. वडिलांचा हात मायको कंपनीच्या जुन्या इनलाइन पंपांवर बसलेला, मी कॉमन रेल शिकले. त्यात पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रचंड दाबाने डिझेल भरतो आणि इंजेक्टर तिथून ते इंजिनात सोडतात. फोनवर मी दर सांगत नाही, आधी तपासायला सांगते. 'पंप गेला' म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा पंप धडधाकट निघतो. आणि ज्यांचा खरोखर गेलेला असतो, त्यांनी तोवर काहीतरी ओतून किंवा बसवून खर्च वाढवलेला असतो.

सुरुवात टाकीकडून करा. कॉमन रेलच्या बहुतेक हाय प्रेशर पंपांना वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं डिझेलच त्यांचं वंगण असतं. म्हणून पाणी किंवा हवा आत गेली की लोखंडावर लोखंड घासतं. फिल्टरच्या तळातलं डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी पाइप चिरला आहे किंवा क्लिप ढिली आहे, आणि तो दोष अगदी थोड्या पैशांत निघतो. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबायचा. हवा न काढता नुसता स्टार्टर मारत राहिलात, तर चांगला पंपही त्यातच घासतो.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पी-००८७ हा कोड आला की बरेच मेकॅनिक लगेच पंपाची ऑर्डर देतात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलेला दाब रेलमध्ये येत नाही. फिल्टर चोक असू शकतो, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असू शकतो, सेन्सर चुकीचं सांगत असू शकतो. सगळ्यात जास्त वेळा मला इंजेक्टर सापडतो. तो रिटर्नमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, इतकं डिझेल सोडतो, की पंपाने कितीही भरलं तरी दाब टिकत नाही. यासाठी बॅक-लीक टेस्ट करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारखी मोजपट्टीची बाटली लावायची, इंजिन ठरलेला वेळ चालवायचं आणि पातळ्या बघायच्या. एक बाटली इतरांपेक्षा फार भरली तर तो इंजेक्टर काढून बेंचवर (वर्कशॉपमधल्या चाचणी यंत्रावर) लावा. ही टेस्ट न करता कोणी पंप बदलायला सांगत असेल, तर थांबा.

आता जे सांगते ते कृपया वाचून सोडून देऊ नका. जुन्या पंपांवर कुठला सिलिंडर मेला आहे हे शोधायला चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करायची पद्धत होती. तिथे नोझल साधारण दोनशे बारला उघडायचा. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. चालू गाडीवर तो नट सैल केला, किंवा गळती कुठे आहे म्हणून पाइपवरून बोट फिरवलं, तर डिझेलची धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत मांस मरत जातं. अशा वेळी हळद लावून कामाला लागू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि 'प्रेशरने डिझेल आत घुसलंय' हेच शब्द सांगा, कारण ऑपरेशनला झालेला उशीर बोटावर, कधी हातावर बेततो. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ लागतो. स्कॅनरवर शून्य दिसल्याशिवाय पाना लावायचा नाही.

इंजेक्टर ठीक निघाले, टाकीकडची बाजू स्वच्छ निघाली, तर पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काढा. त्याच्या जाळीवर बोट फिरवून पांढऱ्या कपड्यावर पुसा आणि उन्हात बघा. चमचम दिसली तर लोहचुंबक जवळ न्या. चिकटलं तर कॅम, रोलर किंवा प्लंजर खरवडला आहे. न चिकटणारी चंदेरी धूळ बहुतेक वेळा पंपाच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीची असते. भुगा दिसला की गाडी पुन्हा सुरू करू नका, टो करून आणा. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. इंजिन फिरत राहिलं की हा भुगा रेलमध्ये, तिथून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमधून टाकीतही पोचतो.

इथेच लोक बाटल्या आणि जुगाडांकडे वळतात. 'बीएस-६ डिझेल कोरडं असतं, टू-टी ऑइल टाका' हा सल्ला तर प्रत्येक ढाब्यावर मिळतो. गंधक काढताना डिझेलचं मूळचं वंगण कमी होतं, हे खरं आहे. पण म्हणूनच रिफायनरी त्यात वंगणाचं रसायन घालते. चाचणीत डिझेलमध्ये बुडवलेला पोलादी गोळा चकतीवर घासतात आणि पडलेला व्रण मोजतात. आपल्या मानकात तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. अमेरिकेत ५२० चालतो. म्हणजे तिकडच्या कोरड्या डिझेलसाठी लिहिलेली जाहिरात इथे जशीच्या तशी लागू होत नाही. कोणी बाटली विकत असेल, तर आपल्या बीएस-६ डिझेलमध्ये, सांगितलेल्या प्रमाणात टाकल्यावर व्रण किती आला, याचा लॅबचा कागद मागा. टू-टी पेट्रोलच्या टू-स्ट्रोकसाठी बनतं, त्याची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. रॉकेल तर वंगण आणखी कमी करतं. आणि रोलर एकदा खरवडला की कुठलीही बाटली तो गुळगुळीत करत नाही.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब 'वाढवलेल्या' गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. हे मला अजिबात सहन होत नाही. तो व्हॉल्व्ह रेल फुटू नये म्हणून आहे. गाडीचा जोर वाढवणारे काही स्वस्त बॉक्स रेल सेन्सरचं रीडिंग कमी करून ईसीयूला दाखवतात, मग ईसीयू खरा दाब वाढवतं. पंप थकलेला असताना हा बॉक्स लावला की पंप लवकर संपतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या बायपास किटबद्दलही विचारतात. ही किट मुख्यतः अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवरच्या बॉशच्या सीपी-४ पंपासाठी निघाली. त्या पंपात रोलर तिरका फिरला की कॅम खरवडतो. किट पंपाच्या पोटातलं डिझेल फिल्टरमधून टाकीकडे वळवते, त्यामुळे भुगा इंजेक्टरपर्यंत जाणं टळू शकतं. पंप मात्र जायचा तो जातोच. 'याने पंप जाणार नाही' असं सांगून ती विकली जात असेल, तर तो दावा खोटा आहे. अमेरिकेतल्या २०१९ आणि २०२० च्या रॅम ट्रकमध्ये हा दोष निघाला, तेव्हा कंपनीने २०२१ मध्ये दोन लाख वीस हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि सीपी-४ काढून जुना, दणकट सीपी-३ बसवायचं ठरवलं. वेगळ्या पंपाची किट आपल्या गाडीवर चढवली, तर तापलेल्या इंजिनजवळ डिझेलचे नवे सांधे तेवढे वाढतात.

भुगा निघाल्यावर नुसता पंप बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पंप, हाय प्रेशरचे पाइप आणि फिल्टर नवे. इंजेक्टर बेंचवर तपासून, बहुतेक वेळा नवेच. रेल बदललेली बरी. टाकी उतरवून धुवायची, टाकीपर्यंतच्या सगळ्या नळ्याही. हिशोब लाखाच्या घरात जाऊ शकतो, हे आधीच ऐकून ठेवा. मेकॅनिकल बिघाड गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत बसत नाही. जुने पार्ट परत मागून घ्या, आणि रिपेअर केलेला पंप घेत असाल तर बेंचचा टेस्ट रिपोर्ट बिलासोबत हवा.

डिझेलवर संशय असेल तर टाकी धुण्याआधी लिटरभर डिझेल स्वच्छ डब्यात काढा, तारीख लिहा आणि भरल्याची पावती सोबत ठेवा. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागायचा तुम्हाला हक्क आहे. १५ अंशावर आणलेला आकडा त्यांच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त सरकलेला दिसला, तर तिथेच लेखी तक्रार द्या. 'बायोडिझेल' म्हणून टँकरमधून स्वस्तात मिळणारं तेल मात्र तुमच्या टाकीत घालू नका. त्याची पावती नसते, आणि पंप गेल्यावर दाद मागायला समोर कोणीच नसतं.