ओपनएसएसएच सोर्समधून बसवताय? या चुका टाळा

ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करून देणारं सॉफ्टवेअर. ते सोर्स कोडवरून स्वतः बांधताना कॉन्फिगर (तयारीची पायरी) अडलं किंवा मेक (बांधणीची पायरी) अर्ध्यावर थांबलं तर काही बिघडत नाही. जुना एसएसएच चालूच असतो. एरर वाचायची, राहिलेली लायब्ररी टाकायची आणि पुन्हा कमांड द्यायची. काळजी करायची ती सगळं विनातक्रार पार पडल्यावर. सर्व्हिस रीस्टार्ट होते आणि कुणालाच आत येता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांनाच आत येता येतं, कालपर्यंत ज्यांना मनाई होती त्यांनासुद्धा.

रेड हॅट, डेबियन किंवा उबंटूच्या पॅकेजमधून येणारं ओपनएसएसएच आणि ओपनबीएसडी प्रकल्पाचं मूळ ओपनएसएसएच तंतोतंत एक नसतं. डिस्ट्रोवाले (लिनक्सची ही वितरणं बनवणारे) त्यावर स्वतःचे पॅच चढवतात, पाथ आपल्या पद्धतीने ठरवतात, पॅम (लॉगिनचे नियम तपासणारी यंत्रणा), सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी) आणि एसईलिनक्स (प्रोग्रामवर सुरक्षेची बंधनं घालणारी) यांच्याशी त्याची जोडणी करून देतात. आपण स्वतः मेक इन्स्टॉल केलं की ही जोडणी आपल्या अंगावर येते. खालच्या बहुतेक चुका याच जोडणीतल्या आहेत.

आधी ऑडिटचा रिपोर्ट नीट वाचा

आपल्याकडे बहुतेक जण सोर्सकडे वळतात ते सिक्युरिटी ऑडिटच्या रिपोर्टमुळे. स्कॅनर एसएसएचच्या पोर्ट २२ वरचा बॅनर, म्हणजे सर्व्हर सुरुवातीला पाठवतो ती ओळखीची ओळ, वाचतो, त्यातला आवृत्ती क्रमांक जुना दिसला की लाल शेरा मारतो. पण डिस्ट्रोवाले दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात आणि क्रमांक तोच ठेवतात. १ जुलै २०२४ रोजी जाहीर झालेल्या 'रेग्रेशन' नावाच्या त्रुटीचं उदाहरण घ्या. सीव्हीई-२०२४-६३८७ हा सुरक्षा त्रुटींच्या नोंदीतला तिचा क्रमांक. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ९ वर मात्र ८.७पी१ हाच क्रमांक कायम ठेवून पॅकेजमध्ये दुरुस्ती आली. आरएचईएल ८ वरच्या ८.० ला तर ही त्रुटी लागूच नव्हती, कारण ती ८.५ मध्ये शिरली होती. आरपीएम पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, काढून त्यात सीव्हीई क्रमांक शोधा आणि तो पुरावा ऑडिटरला द्या. बऱ्याचदा काम तिथेच संपतं, आणि ते तसं संपणंच चांगलं.

सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला. अशा मशीनवर सोर्समधून बांधण्याला काही अर्थ आहे, पण तोही ओएस बदलेपर्यंतच.

टारबॉल न तपासता उघडू नका

२००२ च्या जुलैअखेरीस ओपनबीएसडीच्याच एफटीपी सर्व्हरवरची ओपनएसएसएच ३.४पी१ ची टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) कुणीतरी बदलून ठेवली होती. त्यातला घातक कोड सर्व्हर सुरू केल्यावर नव्हे, तर बिल्ड करतानाच चालायचा. म्हणजे बांधणाऱ्याचं मशीनच पहिलं बळी. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही हे लक्षात आल्यामुळे १ ऑगस्टला प्रकार उघड झाला. ज्यांनी चेकसम पाहिला ते वाचले.

इथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. ओपनएसएसएचच्या घोषणेत दिलेला एसएचए२५६ चेकसम बेस६४ पद्धतीने लिहिलेला असतो, तर आपली नेहमीची चेकसमची कमांड हेक्समध्ये उत्तर देते. दोन्ही वेगळे दिसतात, मग माणूस 'साइटवर चुकीचं छापलंय' म्हणून पुढे जातो. तसं करू नका. हेक्सचं बेस६४ करून जुळवा, आणि सोबतच्या सहीच्या फाइलवरून पीजीपी सही पडताळा. रिलीजची सार्वजनिक की मिररवरच मिळते, पण ती एकदा वेगळ्या मार्गाने पडताळून स्वतःकडे ठेवा.

सही म्हणजे सर्वस्व नाही, हेही २०२४ च्या मार्चने दाखवलं. एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला चोरदरवाजा त्या प्रकल्पाच्याच देखरेख करणाऱ्याकडून आला होता. बिल्ड स्क्रिप्टमधला कळीचा भाग टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. त्याचं लक्ष्य एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर) होतं, आणि तिथपर्यंत तो पोचला तो काही डिस्ट्रोंनी लिबसिस्टमडी ही सिस्टमडीची लायब्ररी जोडण्यासाठी लावलेल्या पॅचमधून. म्हणूनच नको ती लायब्ररी एसएसएचडीला जोडू नये, हा आग्रह मी धरतो.

सिस्टमच्या ओपनएसएसएलला हात लावू नका

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.४ पासून ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरायची तर १.१.१ किंवा त्यापुढचीच लागते. सेंटओएस ७ वर असतं १.०.२, त्यामुळे कॉन्फिगर तिथेच थांबतं. मग कुणीतरी नवीन ओपनएसएसएल बांधून थेट सिस्टमच्या जागी टाकतं, आणि यम, कर्ल, पायथन एकामागून एक कोसळतात. एसएसएच सुधारायला निघालेला माणूस रात्रभर पॅकेज मॅनेजर दुरुस्त करत बसतो.

नवं ओपनएसएसएल /ऑप्टखाली स्वतंत्र डिरेक्टरीत बसवा. ओपनएसएसएचच्या कॉन्फिगरला विथ-एसएसएल-डिर या पर्यायाने तिचा पत्ता द्या आणि लिंकरला आरपाथही (चालवताना लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) द्या. आरपाथ विसरलात तर बिल्ड होईल, पण चालवताना लिबक्रिप्टो ही ओपनएसएसएलची लायब्ररी सापडत नाही म्हणून तक्रार येईल. ओपनएसएसएल ३ हे ६४ बिट मशीनवर लायब्ररी लिबऐवजी लिब६४ मध्ये ठेवतं, तेही बघा. आणि ओपनएसएसएल ३ बांधताना पर्लचं आयपीसी-सीएमडी मॉड्यूल नाही अशी एरर आली तर ते पॅकेज टाका.

'ओपनएसएसएल व्हर्जन मिसमॅच' हा संदेश दिसला तर बांधताना वापरलेल्या हेडर फाइल एका आवृत्तीच्या आणि चालताना सापडलेली लायब्ररी दुसऱ्याच आवृत्तीची आहे. एलडीडी कमांड लावून नेमकी कुठली लायब्ररी उचलली जाते ते पाहा.

पॅम नसतं तेव्हा कुणी ओरडत नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मूळ ओपनएसएसएचमध्ये पॅमचा आधार आपोआप येत नाही, कॉन्फिगरला विथ-पॅम असं सांगावं लागतं. त्यासाठी पॅमची डेव्हलपमेंट फाइलसुद्धा लागते: रेड हॅटवर पॅम-डेव्हेल, डेबियनवर लिबपॅम०जी-डेव्ह.

समजा तुम्ही हा पर्याय विसरलात आणि जुनी एसएसएचडी-कॉन्फिग तशीच वापरली. त्यात 'यूजपॅम येस' अशी ओळ आहे. नवा एसएसएचडी 'अनसपोर्टेड ऑप्शन' एवढंच म्हणतो आणि पुढे चालू पडतो. कॉन्फिगची चाचणीही पास होते. पण त्या क्षणापासून चुकीच्या पासवर्डांनंतर खातं लॉक करणारी फेललॉकची व्यवस्था, लिमिट्सच्या मर्यादा, पॅममधून येणारा ओटीपी यांतलं काहीच लागू होत नाही. सर्व्हरवरच्या स्थानिक खात्यांना नुसत्या पासवर्डवर प्रवेश मिळू शकतो. याउलट एसएसएसडी (मध्यवर्ती खाती सर्व्हरला जोडणारी सेवा) मार्फत डोमेनवरून येणाऱ्यांचे पासवर्ड चालेनासे होतात. म्हणजे ज्यांना यायचं ते बाहेर, आणि ज्यांच्यावर कडक नियम होते त्यांना सूट.

कॉन्फिगर संपल्यावर शेवटी एक सारांश छापला जातो. पॅम आणि एसईलिनक्स येस-नोच्या भाषेत, तर कॉन्फिगरेशनची जागा पाथ म्हणून, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो पडद्यावरून सरकू देऊ नका. फाइलमध्ये साठवा आणि ओळ न ओळ वाचा.

हरवलेले नियम शोधा

होस्ट्स-अलाऊ आणि होस्ट्स-डिनाय या फाइल आठवतात ना? त्या वाचून आयपीनुसार प्रवेश ठरवणाऱ्या टीसीपी रॅपर्सचा आधार मूळ ओपनएसएसएचने २०१४ मध्ये ६.७ पासून काढून टाकला. डेबियन, उबंटू आणि आरएचईएल ७ यांनी तो आपल्या पॅचने टिकवला. तुमच्या जुन्या सर्व्हरवर 'फक्त ऑफिसच्या आयपीवरून एसएसएच' हा नियम होस्ट्स-डिनायमध्ये असेल, तर सोर्समधून बांधलेला एसएसएचडी तो वाचणारच नाही. लॉगमध्ये एक अक्षरही उमटत नाही. असे नियम आधी फायरवॉलमध्ये हलवा, मगच बिल्डला हात घाला.

दुसरी जागा इन्क्लूडची, म्हणजे कॉन्फिगमध्ये दुसऱ्या फाइल ओढून घेणाऱ्या ओळीची. काहीच सांगितलं नाही तर ओपनएसएसएच /यूएसआर/लोकलखाली बसतं आणि आपली कॉन्फिगरेशन /यूएसआर/लोकल/ईटीसीमध्ये शोधतं. तिथे मेक इन्स्टॉल डिफॉल्ट मजकुराची एक नवी फाइल ठेवतं. /ईटीसी/एसएसएचमधल्या एसएसएचडी-कॉन्फिग-डी डिरेक्टरीत पासवर्ड लॉगिन बंद केलेलं असेल, तरी ही नवी फाइल त्या डिरेक्टरीकडे बघत नाही. पासवर्ड लॉगिन हे मूळ डिफॉल्टनुसार चालू असतं. रूटचा पासवर्ड लॉगिन मात्र ७.० पासून डिफॉल्टने बंद आहे. म्हणून 'रूट चालत नाही, म्हणजे सगळं कडक आहे' असा चुकीचा समज होतो.

उलट जुनी कॉन्फिगरेशन जशीच्या तशी उचलली तर 'बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन' म्हणून एसएसएचडी सुरूच होत नाही. डेबियनबॅनर किंवा जीएसएसएपीआयकेक्सअल्गोरिदम्स यांसारखे शब्द डिस्ट्रोच्या पॅचमधले असतात, मूळ कोडला ते ओळखीचे नसतात. आरएचईएल ९ वर यांतला दुसरा शब्द थेट कॉन्फिगमध्ये दिसत नाही, क्रिप्टो पॉलिसीच्या इन्क्लूड केलेल्या फाइलमधून येतो.

उपाय कष्टाचा असला तरी पक्का आहे. जुन्या एसएसएचडीला कॅपिटल टी पर्याय देऊन लागू असलेली संपूर्ण कॉन्फिगरेशन छापून घ्या, नव्यालाही तेच करा, आणि दोन्हीचा डिफ काढा. जो फरक दिसेल त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

रीस्टार्टच्या आधी

जुन्याच्या जागेवर थेट नवं टाकू नका. एसएसएचडी प्रत्येक नव्या कनेक्शनला स्वतःची बायनरी पुन्हा चालवतो. ९.८ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, ऐकणारा एसएसएचडी आणि सेशन सांभाळणारा एसएसएचडी-सेशन. १०.० मध्ये एसएसएचडी-ऑथ हा तिसरा आला. जुना एसएसएचडी चालू असताना त्याच जागी ९.८ टाकलं, तर रीस्टार्ट होईपर्यंत नवी कनेक्शन घेतलीच जात नाहीत. नुसती एसएसएचडी ही एक फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करणाऱ्यांनाही हाच फटका बसतो. एसएसएचडी-सेशन जागेवर नसल्याने तो सुरू व्हायला नकार देतो.

म्हणून वेगळा प्रीफिक्स (बसवण्याची डिरेक्टरी), मग स्मॉल टी लावून चाचणी, मग २२२२ सारख्या दुसऱ्या पोर्टवर डीबग पर्यायासह चालवून खरं लॉगिन. चालवताना पूर्ण पाथ द्या, नाहीतर 'ॲब्सोल्यूट पाथ' मागणारी एरर येईल. पासवर्डने, कीने, एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवण्याचा मार्ग), डोमेनच्या खात्याने, सगळ्या प्रकारे लॉगिन करून बघा. रीस्टार्ट करताना एक जुनं सेशन उघडं ठेवा. ॲट कमांडने पंधरा मिनिटांनी जुनी सर्व्हिस परत आणणारं काम लावून ठेवा आणि सगळं ठीक झाल्यावर ते रद्द करा. क्लाउडचा कन्सोल किंवा मशीनचा आयएलओ (दुरून मशीनचा ताबा देणारी सोय) खरंच उघडतो का, हेही आधीच पाहा. पर्याय म्हणून टेलनेट चालू करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिलेला दिसतो, तो ऐकू नका. पासवर्ड उघड्यावर जातो आणि टेलनेट बंद करायचं राहून जातं.

तरीही अडलं तर

लॉगिन दीड मिनिट चालतं आणि मग सर्व्हिस मरते? सिस्टमडीच्या युनिटमध्ये टाइप नोटिफाय आहे आणि तुमचा एसएसएचडी 'मी तयार आहे' असं कळवत नाही. ९.८ पासून ही सोय मूळ कोडमध्येच, लिबसिस्टमडीशिवाय आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर टाइप सिंपल करा आणि कॅपिटल डी पर्याय ठेवा.

आवृत्ती जुनीच दिसते? युनिट अजून /यूएसआर/एसबिनमधल्या एसएसएचडीकडेच बोट दाखवत असेल. ओव्हरराइड लिहिताना आधी एक्झेकस्टार्टची रिकामी ओळ द्यावी लागते, मग नवी. एसएसएच कॅपिटल व्ही फक्त क्लायंटची आवृत्ती सांगतं. सर्व्हरची बघायची तर एनसी कमांडने पोर्टला जोडा, पहिलीच ओळ बॅनरची असते.

'प्रिव्हिलेज सेपरेशन यूजर' नाही म्हणतो? एसएसएचडी नावाचा, लॉगिन शेल नसलेला यूजर तयार करा. /व्हार/एम्प्टी डिरेक्टरी रूटच्या मालकीची हवी आणि ग्रुपला वा इतरांना तिथे लिहिता येता कामा नये.

सगळ्या क्लायंटवर 'होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' येतंय? मेक इन्स्टॉलने नव्या जागी नव्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) बनवल्या. लोकांना नोन-होस्ट्समधली ओळ पुसायला सांगू नका. एकदा ही सवय लागली की खरा हल्ला झाला तरी ते ओळ पुसूनच पुढे जातील. एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये जुन्या कीचा पाथ द्या. आरएचईएल ७ आणि ८ वर त्या कीची परवानगी ०६४० आणि ग्रुप एसएसएच-कीज असतो. तिथल्या पॅचला ते चालतं, मूळ कोडला नाही. ०६०० करा.

एसएफटीपी तुटलं, आणि एससीपीही? ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं, म्हणून दोन्ही एकदम जातात. सबसिस्टमच्या ओळीत डिस्ट्रोचा जुना पाथ राहिला असेल, एसएफटीपी-सर्व्हर आता /यूएसआर/लोकल/लिबएक्झेकमध्ये आहे.

जुना राउटर किंवा बॅकअपची स्क्रिप्ट नाकारली जाते? ८.८ पासून एसएचए-१ वरची एसएसएच-आरएसए सही डिफॉल्टने बंद आहे. आरएसए की टाकून द्यायची गरज नाही, समोरच्याला एसएचए-२ ची सही करता आली पाहिजे. ते शक्यच नसेल तर सूट फक्त त्या एका आयपीपुरती मॅच ब्लॉकमध्ये द्या.

एसईलिनक्स बंद करून 'चाललं' म्हणू नका. नव्या बायनरीला एसएसएचडीचं लेबल द्या, रीस्टोरकॉन चालवा, पोर्ट बदलला असेल तर सेमॅनेजने तो एसएसएच-पोर्टमध्ये नोंदवा. बिल्डमध्ये विथ-सेलिनक्स होतं ना, तेही सारांशात बघा.

शेवटी पॅकेजचं. जुनं पॅकेज काढून टाकायची घाई करू नका, अडचणीत परतायला तेच लागतं. प्रीफिक्स थेट यूएसआर दिला असेल तर डीएनएफ या पॅकेज मॅनेजरच्या पुढच्या अपडेटला तुमची बायनरी पुसली जाईल. कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्याय, ओपनएसएसएलचा पाथ आणि चेकसम एका स्क्रिप्टमध्ये लिहून गिटमध्ये ठेवा. पुढची त्रुटी जाहीर होईल तेव्हा डिस्ट्रोचं अपडेट या सर्व्हरपर्यंत पोचणार नाही, ती स्क्रिप्ट तुम्हालाच पुन्हा चालवावी लागेल. ओपनएसएसएचच्या घोषणांच्या मेलिंग लिस्टवर टीममधल्या निदान दोघांची नावं आजच नोंदवा.