अनोळखी मुलखात वणव्याचा हंगाम: निघण्यापूर्वीची तयारी

वणवा विझवण्याच्या हंगामी कामासाठी दूरच्या प्रदेशात जायचे ठरले की बहुतेक जण आधी सामान गोळा करू लागतात. माझ्या मते त्याआधी तिथला नकाशा आणि हवामानाच्या जुन्या नोंदी घेऊन बसावे, कारण ओळखीच्या जंगलात अंगवळणी पडलेले आडाखेच नव्या ठिकाणी दगा देतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेले उतार जास्त तापतात आणि लवकर वाळतात, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचे. गोलार्ध ओलांडणाऱ्याने हा हिशेब घरी असतानाच उलटा करून ठेवावा. आग्नेय ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा, तापलेला वारा वाहत असतो आणि थंड हवेची आघाडी येऊन पोहोचली की तोच वारा एकाएकी नैर्ऋत्येचा होतो. अशा वेळी लांबट पट्ट्यात पसरलेल्या आगीची सबंध पूर्वेकडची बाजू बघता बघता तिचे तोंड बनते. दक्षिण कॅलिफोर्नियातला सांता आना किंवा दक्षिण फ्रान्समधला मिस्त्राल या वाऱ्यांचीही अशीच स्वतंत्र ओळख करून घ्यावी लागते.

वाऱ्याखालोखाल पाहायचे ते तिथे जळते काय. गवताची आग वेगाने धावते, पण एका जागी फार काळ टिकत नाही. निलगिरीच्या जंगलात सालीच्या जळत्या पट्ट्या वाऱ्याबरोबर उडून आगीच्या कितीतरी पुढे नवी आग लावतात, म्हणून आग अडवण्यासाठी काढलेल्या जाळरेषेच्या पलीकडे सतत नजर ठेवणारे माणूस लागते. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, जमिनीत आग खाली धुमसत राहते, वरचा थर शाबूत दिसतो आणि पाय मात्र निखाऱ्यात जातो. चढाचा नियम सगळीकडे साधारण सारखाच आहे: उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

अमेरिकी अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली चतुःसूत्री, म्हणजे टेहळणी, संपर्क, सुटकेच्या वाटा आणि सुरक्षित जागा, पाठ असून भागत नाही; रोज कामाला हात घालण्यापूर्वी या चारही गोष्टी त्या दिवशी नेमक्या कुठे आहेत हे तुकडीप्रमुखाला विचारून घ्यावे, आणि नवखे म्हणून विचारायला मुळीच संकोचू नये. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिलच्या वणव्यात वादळी ढगांमधून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली आणि एकाच तुकडीतले १९ जण मृत्युमुखी पडले. ती सारी प्रशिक्षित माणसे होती.

शरीराची तयारी निदान काही महिने आधी सुरू करावी. अमेरिकेत आघाडीवर काम करणाऱ्यांना सुमारे २० किलो ओझे घेऊन जवळजवळ ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागते, पण ही परीक्षा सपाट जमिनीवर होते, म्हणून सराव चढावर करावा. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे जातात. स्नायूंत असह्य वेदना आणि चहासारखी गडद लघवी ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो नुसता थकवा मानू नये. काम तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

सामानात सर्वाधिक लक्ष बुटांवर द्यावे. पूर्ण चामड्याचे, घोट्याच्या बरेच वर येणारे, खोल खाचांच्या जाड तळव्याचे आणि शिवलेले बूट घ्यावेत, कारण नुसत्या गोंदाने चिकटवलेला तळवा तापल्या राखेत सुटू शकतो. नवे चामडे टाचेची साल काढते, म्हणून हंगामात घालणार तेच मोजे घालून, पाठीवर ओझे घेऊन, काही आठवडे ते वापरून मऊ करावेत. आतले कपडे सुती किंवा लोकरीचे असावेत. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. आगरोधक पोशाख, शिरस्त्राण आणि फायर शेल्टर (आगीत अडकल्यास अंगावर ओढून घ्यायचे आच्छादन) बहुधा काम देणारी संस्थाच पुरवते, तरी मापे आधी कळवावीत.

कागदपत्रांत कामाचा परवाना, लसीकरणाची नोंद आणि रक्तगट यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात. करारात सलग किती दिवस काम आणि त्यानंतर किती विश्रांती हे लिहिलेले आहे का ते पाहावे, आणि जखमी झाल्यास उपचारांचा व घरी परतण्याचा खर्च कोण करणार हे सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.