पात्रं एकमेकांशी बोलेनात, तेव्हा

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ. आमच्या टेबलावरची चार पात्रं म्हणजे एकाच एसटीतले अनोळखी प्रवासी. खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत पात्राच्या कागदावर ‘बाँड’चा, म्हणजे पात्र कुणाशी-कशाशी बांधलेलं आहे याचा, रकाना आहे, पण एकदा भरला की कोण बघतंय! पूर्वेतिहास लिहून आणायला सांगितला. तीन पानं आली, फरक शून्य.

मग डंजन वर्ल्ड या अशाच दुसऱ्या खेळातली युक्ती उचलली. प्रत्येकाने दुसऱ्या पात्राचं नाव घेऊन एक वाक्य लिहायचं: ‘हा मला कधीतरी फसवणार.’ खेळ संपताना ते निकालात निघालं की तिथे एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुण, मिळतो. मी त्याऐवजी इन्स्पिरेशन दिलं, म्हणजे एकदा दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. लगेच नवं वाक्य. ‘आम्ही मित्र आहोत’ असली गुळमुळीत वाक्यं बाद.

तिसऱ्या खेळात आमच्या चोराने मित्राची उधारी फेडायला स्वतःची तलवार विकली.