दुकान-गाळ्याची घरपट्टी: बिल कसं वाचायचं, हरकत कुठं घ्यायची, कधी भरायचं

दुकानाची घरपट्टी भरणा खिडकीवर ठरत नाही, तिथं फक्त पैसे घेतात. ती ठरते आकारणी नोंदवहीत. तिथं क्षेत्रफळ, वापर किंवा बांधकामाचा प्रकार चुकीचा लागला, की ती चूक दर वर्षी बिलात येत राहते आणि आपण ती निमूटपणे भरत राहतो. म्हणून आधी नोंद तपासायची, मग पैसे.

जागा कोणाच्या हद्दीत आहे, हा पहिला प्रश्न. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि 2023 पासून जालना इथं महानगरपालिका आहेत. त्यांना 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागतो. बीड, धाराशिव, हिंगोली आणि बहुतेक तालुक्याच्या गावांना नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे, तिथं 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम. बाकी सगळीकडं ग्रामपंचायत. शहराला लागून असलेल्या वसाहतींत आणि औद्योगिक पट्ट्यांत इथंच घोळ होतो. चिकलठाणा एमआयडीसी महापालिका हद्दीत आहे, तर वाळूजकडं आजूबाजूच्या ग्रामपंचायतींचा संबंध येतो. एमआयडीसीतल्या भूखंडाचा कर कुठं जमा करायचा, हे ग्रामपंचायत आणि एमआयडीसी या दोन्ही कार्यालयांत विचारून, लेखी उत्तर घेऊनच भरा. चुकीच्या ठिकाणी भरलेला पैसा परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

बिल हातात आल्यावर

एकूण रकमेकडं नंतर बघा. आधी मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं (प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्याचं) नाव, वापर, क्षेत्रफळ आणि करयोग्य मूल्य बघा. 'करयोग्य मूल्य' हा रकाना असेल तर आकारणी भाडेमूल्यावर आहे. म्हणजे ही जागा भाड्यानं दिली तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर निरनिराळे कर टक्क्यांनी लावायचे.

एक हिशेब करून बघू. 10 बाय 20 फुटांचा, म्हणजे 200 चौरस फुटांचा गाळा आहे. महिन्याचा दर चौरस फुटाला 10 रुपये आणि सगळे कर मिळून 40 टक्के, असं समजा. (दोन्ही आकडे हिशेबापुरते आहेत, आपल्या झोनचा दर कर विभागात मिळेल.) वर्षाचं भाडेमूल्य 24,000. 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य 21,600. कर 8,640 रुपये.

आता मोजणीवाल्यानं शटरपुढचा 4 फुटांचा ओटा (40 चौरस फूट) आणि आतला 8 फुटांचा पोटमाळा (80 चौरस फूट) धरला. क्षेत्रफळ झालं 320. करयोग्य मूल्य 34,560 आणि कर 13,824. वर्षाला 5,184 रुपये जास्त, तेही एकदाच नाही. बांधीव जिना आणि स्लॅब असलेला पोटमाळा धरला जातो, तिथं वाद घालून फायदा नाही. पण पोती नाहीतर खोकी ठेवायला अँगलवर टाकलेल्या फळ्या म्हणजे मजला नव्हे, त्यावर हरकत घ्या. ओट्याचं मात्र जपून. तो नालीवर किंवा रस्त्याच्या हद्दीत असेल तर हरकतीच्या सुनावणीत कर बाजूला राहील आणि अतिक्रमणाचीच चर्चा सुरू होईल.

मोजताना एकक बघायला विसरू नका. नोंद चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 नं गुणा. 18.58 चौरस मीटर म्हणजे 200 चौरस फूट. मीटरच्या रकान्यात फुटांचा आकडा पडला की बिल दहापटीहून जास्त फुगतं. चूक इतकी ढोबळ असली तरी अर्ज केल्याशिवाय ती आपोआप निघत नाही.

बांधकामाचा प्रकार हाही पैशाचा रकाना आहे. मोंढ्यातली अडत दुकानं, जिनिंगची गोदामं, डाळ मिलची शेड यांवर पत्रे असतात आणि पत्र्याच्या शेडचा दर आरसीसीपेक्षा कमी असतो. पुढं आरसीसी ऑफिस आणि मागं पत्र्याचं गोदाम असेल तर सगळ्याला आरसीसीचा दर लागलेला नाही ना, ते पाहा. दोन भागांची वेगळी मोजणी मागता येते.

राहिला वापर. खाली दुकान आणि वर घर हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. इथं चूक पकडायची सोपी खूण आहे. 1962 च्या कायद्यानं राज्य सरकारचे दोन कर बिलात येतात, शिक्षण कर आणि रोजगार हमी (रोहयो) कर. शहरी भागात रोहयो कर फक्त बिगरनिवासी वापराला लागतो आणि शिक्षण कराचा बिगरनिवासी दर निवासीपेक्षा दुप्पट असतो. वरच्या मजल्याच्या घरावरही रोहयो कर लागलेला दिसला, तर ते घर बिगरनिवासी म्हणून चढलं आहे. वीज जोडणी घरगुती दराची असेल तर ते वीजबिल हरकतीला जोडा, उपयोगी पडतं.

भाड्यानं दिलेल्या जागेची आकारणी प्रत्यक्ष भाड्यावरून जास्त होऊ शकते. भाडेकरू निघून गेला आणि आता आपण स्वतः बसतो, तर जुनी 'भाडेकरू' नोंद काढून घ्यायला अर्ज द्यावा लागतो.

ग्रामपंचायतीचं गणित वेगळं

गावात नमुना नंबर 8 चा, म्हणजे आकारणी नोंदवहीचा उतारा मागा. इथं आकारणी भांडवली मूल्यावर असते. जमिनीचा रेडी रेकनर (सरकारी मूल्यतक्त्यातला) दर, बांधकामाचा दर आणि इमारतीच्या वयानुसार घसारा (जुनेपणाची वजावट) यांवरून मूल्य निघतं, आणि वापराच्या भारांकानं त्याला गुणतात. निवासी 1, औद्योगिक 1.20, वाणिज्यिक 1.25. आलेल्या मूल्यावर दर हजारी पैशांत कर लागतो. सगळ्यात जास्त चुकतं ते बांधकामाचं वर्ष. जुन्या इमारतीचं वर्ष अलीकडचं लागलं की घसारा मिळत नाही. आकारणी मान्य नसेल तर अपील पंचायत समितीकडं.

हरकत आणि अपील

पहिल्यांदा आकारणी झाली किंवा मूल्य वाढवलं, तर महापालिकेनं विशेष नोटीस द्यायला हवी. तिच्यावर हरकतीची मुदत लिहिलेली असते. ती ज्या दिवशी हातात पडली तो दिवस नोटिशीवरच लिहून ठेवा. हरकत अर्जात 'कर जास्त आहे, कमी करावा' एवढंच लिहिलं तर सुनावणी दोन मिनिटांत संपते. त्याऐवजी असं लिहा: नोंदीत 320 चौरस फूट, प्रत्यक्षात 200, फरक अमुक ठिकाणी, फेरमोजणी करावी. सोबत मंजूर नकाशा किंवा अभियंत्याचा मोजमाप नकाशा, खरेदीखत किंवा भाडेकरार, वीजबिल आणि मागच्या पावतीची प्रत. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत आपल्याकडं हवीच. तोंडी सांगून ठेवलेल्या हरकतीला काही किंमत नाही.

निर्णय पटला नाही तर महापालिका हद्दीत 1949 च्या अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं. मुदत फक्त 15 दिवस, आणि वादातली कराची रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळं खरी लढाई हरकतीच्या टप्प्यावरच लढलेली बरी.

भरणा

महापालिकेचा कर दोन सहामाही हप्त्यांत देय होतो, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला. बिल मिळूनही मुदतीत भरलं नाही तर मागणी नोटीस येते आणि थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. 8,640 रुपये वर्षभर थकले तर शास्ती 2,073 रुपये 60 पैसे. म्हणजे वर्षाला 24 टक्के. बँकेचं कर्ज यापेक्षा स्वस्त पडतं. 'मार्चमध्ये शास्तीमाफी येईल' म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत. माफी कधी येते, कधी येत नाही, आणि आली तरी ती शास्तीवर असते, मूळ करावर नाही. पुढची पायरी जप्तीचं वॉरंट. दुकानाचं शटर सील झालं की एका दिवसाचा गल्ला बुडतोच, वर बाजारात बोभाटा होतो तो वेगळा.

वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण भरणाऱ्याला सूट जाहीर होते. ती बहुधा सामान्य करावरच (बिलातल्या महापालिकेच्या मुख्य करावर) असते, सरकारच्या करांवर नाही, म्हणून बिलाच्या एकूण रकमेवर टक्केवारी काढून निराश होऊ नका. थकबाकी असेल तर भरलेले पैसे आधी जुन्या बाकीत जातात.

ऑनलाइन भरताना मालमत्ता क्रमांक टाकल्यावर दिसणारं नाव ताडून मगच पुढं जा. एक आकडा चुकला तर शेजाऱ्याची घरपट्टी भरली जाते. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन दोन-चार दिवस थांबा, मग कर विभागात लेखी द्या. चेकची पावती तो वटेपर्यंत कच्चीच.

मालक आणि भाडेकरू यांच्यात कर कोणी भरायचा, ते करारात स्पष्ट लिहा. जागा भाड्यानं दिलेली असेल तर महापालिका आधी मालकाला धरते, पण जप्तीचा त्रास तिथं बसलेल्यालाही होतो. गाळा भाड्यानं घेताना म्हणूनच थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. विकत घेतलात तर दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत नावबदलाची सूचना द्या. ती दिली नाही तर विकणाराही करातून सुटत नाही.

घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही. गुंठेवारीत (मंजूर रेखांकनाशिवाय पाडलेल्या गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये) किंवा बाँडवर (नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर) घेतलेल्या जागेलाही कर लागतो, पण त्यानं बांधकाम अधिकृत होत नाही, उलट अनधिकृत बांधकामाची वेगळी शास्ती बिलात येऊ शकते. पावत्या तरीही जपून फाइलला लावा. आयकरात हा कर प्रत्यक्ष भरल्यावरच वजा मिळतो, नुसत्या बिलावर नाही, आणि सीए पहिल्यांदा पावतीच मागतो.